चौथ्या खंडाचे ठिपके

३ तारीख, सोमवार

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कम्प्युटर बंद पडला. याआधी पडायचा आणि कुरकुरत उठायचा. आज उठलाच नाही. टेबलाखाली गादी लावलेल्या खोक्यात माझं ब्रेल छापायचं यंत्र असतं. ते एक पान अर्धवट दातांत धरून थांबलं.

परिस्थिती लिहून ठेवते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील. अंधशाळेच्या शेवटच्या वर्गात सात मुलं. परीक्षा अठ्ठावीसला. गणिताच्या पुस्तकाचे तीन खंड पोचवले, चौथा राहिलाय: त्रिकोणमिती आणि संख्याशास्त्र. मजकूर बसवून, तपासून तयार आहे, फक्त छापायचा. एकशे बारा पानं, सात प्रती. बावीसला शाळेत पोचला नाही तर मुलं तो वाचणार कधी? मोठ्या छापखान्यात टाकला तर दीड महिना लागतो. म्हणजे तो विषय संपला.

दुपारी ह्यांनी कम्प्युटरची पेटी उघडली. हे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये छत्तीस वर्षं फिटर होते. त्यामुळे जगातली कुठलीही वायर आपल्याच घराण्यातली असल्यासारखं वागतात. बोर्डावरून बोट फिरवत म्हणाले, "हे तीन कपॅसिटर फुगलेत. डोकी वर आलीत बघ." मी टॉर्च धरून उभीच होते. नुसतं बघूनही कळत होतं. पण ह्यांना सगळं चाचपल्याशिवाय करमत नाही.

४, मंगळवार

पार्टच्या दुकानात गेलो. दुकान चालवणारी बाई चाळिशीची, ओठांत स्क्रू धरून बोलते. आमचा बोर्ड उलटासुलटा करून म्हणाली, "काकू, हा आता संग्रहालयात मिळेल. तिकीट काढून बघायचा."

मी म्हटलं, "विनोद नको, उपाय सांगा."

"नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, नवी रॅम. पेटी, डिस्क, पंखा जुनंच राहू दे."

"आणि माझं ब्रेलचं यंत्र? ते या कार्डातून चालतं." मी पंचवीस टाचण्यांचं जुनं कार्ड पुढे केलं.

तिने स्क्रू तोंडातून काढला, म्हणजे बाब गंभीर होती. "ह्याची खाच नव्या बोर्डांना नसते, काकू." मग शिडी लावून माळ्यावर चढली आणि धुळीने भरलेला एक खोका घेऊन उतरली. त्या बोर्डाला एक जुनी खाच होती. शेवटचा नग. हा जळला तर दुसरा नाही, असं तिने दोनदा बजावलं.

हे मला म्हणाले, "खोक्यावर काय लिहिलंय वाच बरं."

"तुम्हीच वाचा की."

"चष्मा घरी राहिला."

चष्मा वरच्या खिशात होता. मी दाखवून दिलं. "हा नव्हे, दुसरा," म्हणाले. दुसरा चष्मा ह्यांना कधी झाला?

दुकानाच्या पायऱ्या उतरताना माझा दंड धरला. भर रस्त्यात. चाळीस वर्षांत कधी धरला नाही तो आता.

६, गुरुवार

काल आणि आज जुनं सामान सोडवलं. ह्यांनी प्रत्येक वायरीला कागदाची चिंधी बांधली आणि चिंधीवर माझी टोचणी घेऊन ब्रेलमध्ये ठिपके पाडले. "पंखा", "दिवा", "बटण". अक्षरं बरोबर आहेत, ठिपके वाकडेतिकडे. शिकले कधी, विचारलं. म्हणाले, "अकरा वर्षं तुझ्या शेजारी बसतोय, एवढंही येऊ नये?" मग पेनने का लिहिलं नाही? "पेन वाळलंय." मी पेन घेऊन बघितलं. उत्तम चालतं.

पेटी रिकामी झाल्यावर मी सोड्याच्या पाण्याने आतून-बाहेरून घासली. अकरा वर्षांची धूळ, चिकट डाग, पिवळे पडलेले कागदाचे कपटे, सगळं नखाने खरवडून काढलं. लखलखीत झाली. नवा बोर्ड घाणीत बसवणार नाही म्हणजे नाही.

संध्याकाळी हे खिडकीशी उभे. म्हणाले, "मधला गज वाकलाय गं." मी फूटपट्टी लावून दाखवली. गज सरळ. "असेल," म्हणाले. हल्ली वादसुद्धा धड घालत नाहीत.

७, शुक्रवार

जोडणी.

प्रोसेसरच्या कोपऱ्यात बारीक त्रिकोण असतो, तो बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा. बसवताना चुकलं तर टाचण्या वाकतात आणि शेवटचा नग संपतो. ह्यांनी प्रोसेसर माझ्या हातात दिला. "तू बसव."

"मी? फिटर कोण, तुम्ही का मी?"

"तुझा हात हलका आहे."

ह्यांनी माझ्या हाताबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द. मी श्वास रोखून बसवला. बसला.

मग स्क्रू. तिसरा स्क्रू ह्यांच्या हातून निसटून बोर्डाखाली गेला. हलू नकोस म्हणाले, पेटी तिरकी केली, कान लावून आवाज ऐकला आणि चुंबक बरोबर त्याच जागी नेलं. ते कौतुकास्पद होतं, हे लिहायला हवं.

सगळं जोडून बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा.

अर्धा तास काळा. ह्यांनी सगळ्या वायरी पुन्हा चाचपल्या. शेवटी मीच वाकून बघितलं. प्रोसेसरजवळ चार टाचण्यांची एक चौकोनी जागा रिकामी, आणि तिथे लागायचा प्लग बाजूला लोंबतोय. समोर! लहान मुलालाही दिसला असता.

"छत्तीस वर्षं एक्स्चेंज सांभाळलंत म्हणे. गावाचे फोन लागायचे तरी कसे?"

हे हात पुसून गॅलरीत जाऊन बसले. मी प्लग लावला. पडद्यावर अक्षरं आली. हाक मारली तर म्हणाले, "तू वाच. मी ऐकतो."

जास्त बोलले का? बोलले असेन. पण पंधरा दिवस उरलेत आणि सात मुलं आहेत.

८, शनिवार

बोर्ड चालतो, जुनी डिस्क चालत नाही. सुरू करायला गेलं की निळा पडदा, त्यावर चार ओळी, आणि परत पहिल्यापासून. सकाळपासून सव्वीस वेळा.

म्हटलं, घाबरण्याचं कारण नाही. दर महिन्याच्या एक तारखेला सगळं काम दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवतात हे. ते ह्यांचं काम. चौथा खंड त्यावर असणारच.

"ती डिस्क द्या."

हे माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे नाही, माझ्या कानाकडे. गेले काही दिवस बोलताना नजर अशी बाजूला असते. मी ओळखते अशी नजर. मी शाळेत शिकवायचे तेव्हा गृहपाठ न केलेली मुलं असंच बघायची.

"राहिलं," म्हणाले.

"काय राहिलं?"

"उतरवायचं. तीन महिने."

चौथा खंड तीन महिन्यांतच झालाय. म्हणजे तो जगात फक्त एका ठिकाणी आहे, आणि ती डिस्क निळा पडदा दाखवतेय.

"का राहिलं?"

"राहिलं गं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. बोलले असते तर थांबले नसते.

१०, सोमवार

घरात बोलणं बंद. म्हणजे मी बंद केलंय. कामापुरतं "चहा" आणि "दार".

चहावरून मात्र तोंड उघडावं लागलं. किटलीतून ओतताना कपात बोट धरतात. "ही काय घाणेरडी सवय?" तर म्हणाले, "भरल्याचं कळतं." डोळे कशाला दिलेत?

लेकीचा फोन आला. माझ्याशी दोन मिनिटं, बापाशी वीस, तेही दार लोटून. शेवटी मला म्हणाली, "आई, बाबांना फार राबवू नकोस."

"मी राबवते? तुझ्या बाबांनी तीन महिन्यांचं काम बुडवलंय."

"आई, ऐकून तर घे..."

"बावीसनंतर ऐकेन," म्हटलं आणि ठेवला. दोघांचं काहीतरी शिजतंय. मी हे काम सोडावं असं तिचं दोन वर्षं चाललंय. आता बापालाही फोडलेलं दिसतंय. कम्प्युटर मुद्दाम... नाही. ह्यांच्याबद्दल तसं लिहिणार नाही. पण मनात आलं, ते लपवण्यात अर्थ नाही.

आणखी एक. छापताना बिघडलेली ब्रेलची पानं मी टोपलीत टाकते, ती नाहीशी होतायत. विचारलं तर "कप्प्यांत अंथरली." सगळे कप्पे उघडून बघितले. वर्तमानपत्रं आहेत.

१२, बुधवार

दुकानवालीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, डिस्क मेलेली नाही, रुसलीय. जुन्या बोर्डाची सवय. सुरू करताना सेटिंगात जा आणि डिस्कची पद्धत जुनी करा."

सेटिंगचा पडदा म्हणजे बारीक अक्षरांचा चक्रव्यूह. हे शेजारी येऊन बसले, न बोलावता. मी एकेक ओळ वाचायची, ह्यांनी "नको", "पुढे", "नको" म्हणायचं. ह्यांचे डोळे मिटलेले. मी म्हटलं, झोपलात की काय? "नाही. वाच." विसाव्या का बाविसाव्या ओळीला म्हणाले, "हीच. बदल."

बदलली. निळा पडदा आला नाही. कम्प्युटर सुरू झाल्यावर दिसते ती माझी जुनी हिरवी पाटी आली, आणि तिच्यावर फाइल: खंड चार.

मी आधी तिची प्रत काढली. मग दुसरी. मग ह्यांना चहा केला. बोलणं सुरू झालं, पण माफी वगैरे कुणी मागितली नाही. आमच्यात ती पद्धत नाही.

१४, शुक्रवार

कार्ड नव्या खाचेत बसलं, पण कम्प्युटरला ब्रेलचं यंत्र नवखं वाटतंय. त्याची ओळख पहिल्यापासून करून द्यावी लागली. पानाची रुंदी, ओळी पंचवीस, ओळीत चाळीस अक्षरं, समास. हे आकडे मला तोंडपाठ आहेत. चाचणीचं पान काढलं. टेबलावरचा दिवा बाजूने तिरपा धरून तपासलं, मी नेहमी तसंच वाचते. प्रत्येक ठिपक्याची सावली जागच्या जागी. एकही चूक नाही.

उद्यापासून छपाई. आठ दिवस हातात आहेत. आज बऱ्याच दिवसांनी जेवण गेलं.

१८, मंगळवार

शनिवारपासून छापतेय. यंत्र तापतं म्हणून तासाभराने थांबावं लागतं. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज असतो एरवी. या वेळी बेताचा वाटला. नव्या बोर्डाचा गुण असेल. शेजारीणबाईही म्हणाल्या, "यंत्र विकलंत की काय?"

आज सातवी प्रत संपली. सातशे चौऱ्याऐंशी पानं. सगळी दिव्याखाली घालून झाली.

१९, बुधवार

दुपारी गठ्ठे बांधायला घेतले. हे सुतळी धरायला. पहिल्या गठ्ठ्यावर हात ठेवला आणि ह्यांचा हात तिथेच राहिला.

"हे कोरं आहे का?"

"कोरं कसं असेल? खंड चार, प्रत एक."

बोटं पुढेमागे फिरवली. "बोटाला काही लागत नाही."

मी दिवा लावला, तिरपा धरला. "बघा. ठिपके आहेत की नाहीत?"

"असतील. सावली मुलांना वाचायची नाहीये."

मला राग आला. "तुम्हाला बोटांचं काय कळतं?"

हे उठले, भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेले आणि गादीखालून पानांचा जाड गठ्ठा काढून आणला. माझी टोपलीतली पानं. एक समोर ठेवलं, तर्जनी ठेवली आणि वाचायला लागले. अडखळत, पहिलीतल्या मुलासारखं. "काट... कोन... त्रि... कोणात..." डोळे भिंतीकडे. मग नवं पान ओढलं, तीच तर्जनी ठेवली. बोट ओळभर सरकत गेलं. तोंडातून एक अक्षर नाही.

मी माझं बोट ठेवलं. मला दोन्ही पानं सारखीच वाटली. अकरा वर्षं मी ब्रेल छापतेय आणि ते डोळ्यांनी वाचतेय.

मग आठवलं. कागद जाड असतो म्हणून ठोक्याचा जोर वाढवावा लागतो. तो आकडा मी अकरा वर्षांपूर्वी एकदाच ठरवला आणि पेटीला आतून चिकटवून ठेवला होता. पिवळा कपटा. मीच नखाने खरवडून काढला, सोड्याच्या पाण्याने. आवाज बेताचा का होता तेही कळलं.

सातशे चौऱ्याऐंशी पानं रद्दी. तीन दिवस हातात.

मी खुर्चीत बसले. कागदाबद्दल विचारायचं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"किती दिसतं?"

"कडेकडेचं दिसतं. मधलं गेलंय. तुझे कान दिसतात," म्हणाले. "कान छान आहेत."

"कधीपासून?"

"उजवा गेल्या वर्षी. डावा या वर्षी. लेकीबरोबर जाऊन आलो डॉक्टरकडे."

"मला सांगितलं नाहीत."

"बावीसनंतर सांगणार होतो. तूच म्हणालीस ना तिला, बावीसनंतर ऐकेन."

प्लग. चष्मा. गज. कप. मी सगळं याच वहीत लिहिलंय, माझ्याच अक्षरात, तारीखवार. मागची पानं उलटून वाचवत नाहीत.

रडले नाही. एक पेटी कागद शिल्लक आहे. हजार पानं.

२०, गुरुवार

जोराचा आकडा नव्याने शोधला. मी बदलायचा, एक पान काढायचं, ह्यांनी बोट फिरवायचं.

"चार."

"नाही."

"पाच."

"आहे, पण दमतं बोट. वाढव."

"सहा."

थांबले. ओळीवरून एकदा गेले, उलट आले. "हं."

"सात बघू?"

"बघ." बघितला. "नको. कागद फुटतोय."

सहा. खिळ्याने कोरून ठेवलाय पेटीवर. आता कुणाचं नख काही करू शकणार नाही.

यंत्राच्या आवाजाने कपाटातल्या बशा वाजतायत. आज दोन प्रती. पहिल्या प्रतीचं प्रत्येक पान ह्यांच्या बोटाखालून गेलं. सत्तेचाळिसाव्या पानावर म्हणाले, "दुसऱ्या ओळीत काहीतरी विचित्र आहे. अंश वर की खाली?" मी बघितलं. अंश आणि छेदाची उलटापालट. मजकूर बसवतानाच झालेली, मी तीनदा तपासूनही सुटलेली. दुरुस्त केली आणि पान पुन्हा काढलं. बाकीचं वाचायला लावलं तर म्हणाले, "एका दिवसात एकशे बारा पानं? मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालोय, बाई." तरी वाचत राहिले.

२१, शुक्रवार

पाच प्रती. दुपारी दोनदा यंत्र अडकलं. दोन्ही वेळा हे जमिनीवर आडवे होऊन, हात आत घालून पान काढत होते. एकदा कोपर खरचटलं. मी औषध लावायला गेले तर म्हणाले, "आधी कागद." माझी पाठ तर... असो. लेकीला फोन केला. म्हटलं, "बावीस उद्या आहे, पण आजच ऐकते." ती रडली. मी म्हटलं, रडू नकोस, डॉक्टरांचं नाव आणि वेळ लिहून दे.

शेवटचं पान पावणेसहाला.

२२, शनिवार

सात प्रती शाळेत पोचवल्या. हे बरोबर होते. पायऱ्या चढताना दंड धरायला ह्यांनी हात पुढे केला, मी माझा दंड आधीच पुढे केला होता.

२५, मंगळवार

शाळेतून गणिताच्या सरांचा फोन. हे सर जन्मांध, आणि माझ्याहून कडक.

"बाई, या वेळी पानं कुणी तपासली?"

"का? काही चुकलंय?"

"चूक शोधून सापडली नाही. मुलं वाचतायत. पण एका प्रतीवर कुणाचं तरी बोट आधी फिरून गेलंय. ठिपक्यांची डोकी जराशी बसलीत. नवशिक्या आहे. फार दाबतो."

"माझे मिस्टर," म्हटलं. मग ह्यांच्या डोळ्यांचं सांगितलं.

सर म्हणाले, "त्यांना सांगा, दाबू नका. ठिपका शोधायला जायचं नाही, बोट नुसतं जाऊ द्यायचं. आणि दर गुरुवारी चार वाजता मोठ्यांचा वर्ग असतो. पाठवा. उशीर चालत नाही."

"मलाही यायचंय," म्हटलं.

"तुम्हाला? तुम्हाला येतं की."

"मला दिसतं," म्हटलं. "येत नाही."

निरोप सांगितला. हे हसले, म्हणाले, "दोघं एका वर्गात! कॉपी करू देशील?" देणार नाही म्हटलं.

संध्याकाळी चहाच्या टेबलावर त्या सातशे चौऱ्याऐंशी पानांपैकी नाही, टोपलीतल्यांपैकी एक जुनं, चांगल्या ठिपक्यांचं पान घेतलं आणि डोळे मिटले. पहिला शब्द लागायला अडीच मिनिटं गेली. दुसरा लागेना. समोरून आवाज आला, "दाबू नकोस."

डोळे न उघडता विचारलं, "तुम्हाला काय दिसतंय मी दाबतेय ते?"

"दिसत नाही," हे म्हणाले. "नखाचा आवाज येतोय."